पाचवे सुख : चिनी समाजातील शांत मृत्यूचा विचार

मृत्यू कोणालाच चुकलेला नाही. पण तो कसा यावा, याचा विचार प्रत्येक समाजाने आपापल्या परीने केलेला आहे. 'शू-चिंग' या चीनच्या प्राचीन ग्रंथात मानवी जीवनाची पाच सुखे सांगितली आहेत. दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सद्गुणांची आवड आणि पाचवे सुख म्हणजे आयुष्य पुरे करून आलेले स्वाभाविक मरण. चांगल्या मरणाची गणना सुखात करणारा हा विचार खरोखर मननीय आहे. आपल्या घरी, मुलानातवंडांच्या सहवासात प्राण जावा, ही त्यामागील अपेक्षा होय. म्हणूनच अत्यवस्थ रुग्णाला शेवटचा श्वास घरी घेता यावा यासाठी दवाखान्यातून घरी नेण्याची रीत तैवानमध्ये आढळते.

परंतु याच समाजात मृत्यूचा नुसता उल्लेखही अशुभ मानतात. चिनी भाषेत 'चार' आणि 'मरण' या शब्दांचे उच्चार जवळजवळ सारखे आहेत, त्यामुळे कित्येक इमारतींत चौथ्या मजल्याला तो आकडाच देत नाहीत. त्यात कन्फ्यूशसच्या शिकवणीतून आलेली मातृपितृभक्ती. आईवडिलांना असाध्य रोगाचे नाव कळू द्यायचे नाही आणि अखेरपर्यंत उपचार थांबवायचे नाहीत, यालाच अनेक मुले कर्तव्य समजतात. हेतू प्रेमाचाच असतो. पण ज्याचे मरण, त्यालाच विचारायचे राहून जाते आणि पाचवे सुख नळ्या व यंत्रांच्या गराड्यात हरवते.

यावर तैवानने मार्ग काढला. १९९० साली मॅके मेमोरियल हॉस्पिटलमध्ये मरणासन्न रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला. रोग बरा होणार नसला तरी वेदना, धाप आणि भीती कमी करता येते, हे अशा शुश्रूषेचे सूत्र आहे. २००० साली झालेल्या कायद्याने अंतिम अवस्थेतील रुग्णाला कृत्रिम उपायांनी हृदय व श्वास चालू ठेवण्यास नकार देण्याचा हक्क दिला. २०१९ पासून लागू झालेल्या दुसऱ्या कायद्यानुसार धडधाकट असतानाच, सल्लामसलत करून, आपली इच्छा लेखी नोंदविता येते. मुख्य भूमीवरील शेनझेन शहरानेही १ जानेवारी २०२३ पासून अशा इच्छापत्राला मान्यता दिली आहे.

तैवानमधील बौद्ध उपासकांचे कार्यही उल्लेखनीय आहे. ते मरणासन्न व्यक्तीजवळ बसून अमिताभ बुद्धाचे नाम संथपणे उच्चारतात. प्राण गेल्यावरही साधारणतः आठ तास हे नामस्मरण चालते. तोवर देह हलवू नये, आक्रोश करू नये, असे आप्तांना सांगितले जाते. काही रुग्णालयांत प्रशिक्षित भिक्षू-भिक्षुणीही रुग्णांना धीर देतात. सुखावती लोकावर आपली श्रद्धा असो वा नसो, जाणाऱ्याला एकटे न सोडण्यातील करुणा कोणालाही पटेल अशीच आहे.

वडीलधाऱ्यांची सेवा म्हणजे केवळ त्यांचे श्वास लांबविणे नव्हे. त्यांना काय हवे आहे हे ते बोलू शकत असतानाच विचारणे, हीसुद्धा सेवाच होय. चिनी समाज आज हेच, सावकाश का होईना, शिकत आहे.