अनोळखी कुत्रा : चाव्यापूर्वी आणि चाव्यानंतर

- प्रकार : गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीसारख्या गावांत भटक्या कुत्र्यांखेरीज वस्तीवरची राखणीची आणि मेंढरांबरोबरची कुत्री आढळतात, जी हद्द व कळप राखण्यासाठी अंगावर येऊ शकतात.
- इशारे : ताठरलेले अंग, रोखलेली नजर व विचकलेले दात धोका दर्शवतात, मात्र शेपूट हलणे ही मैत्रीचीच खूण असते असे नाही.
- वर्तन : न पळता, नजर न भिडवता स्थिर उभे राहावे आणि कुत्रे निवळल्यावर सावकाश मागे सरावे, खाणाऱ्या कुत्र्याला किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीला डिवचू नये.
- उपचार : रेबीज, म्हणजे लाळेतून पसरणारा विषाणुजन्य मेंदूरोग, लक्षणे दिसू लागल्यावर जवळपास नेहमीच प्राणघातक ठरतो, म्हणून जखमेला हळद, चुना वा तिखट न लावता ती साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस घ्यावी.
- दिनविशेष : रेबीजची लस विकसित करणारे शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन, २८ सप्टेंबर, जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो.