कानाने जुळणारे शब्द : इंग्रजी यमकाची घडण

इंग्रजीत दोन शब्दांचे यमक जुळते ते शेवटच्या आघातयुक्त स्वरापासून. त्या स्वरापासून शब्द संपेपर्यंतचा ध्वनी दोन्हीकडे एकच हवा आणि स्वराच्या आधीचे व्यंजन वेगळे हवे. ‘लाइट’ म्हणजे उजेड, ‘फाइट’ म्हणजे लढाई, ‘काइट’ म्हणजे पतंग किंवा घार, ‘हाइट’ म्हणजे उंची. हे चारही शब्द एकमेकांशी पुरते जुळतात. लिहिताना पहिल्या दोघांत ‘आय-जी-एच-टी’ येते, तिसऱ्यात ‘आय-टी-ई’ आणि चौथ्यात ‘ई-आय-जी-एच-टी’. यमकाला त्याच्याशी काही देणेघेणे नाही. ते ठरते उच्चारावर.

आघाताची अट मराठी कानाला सहज लक्षात येत नाही, कारण मराठीत शब्दाच्या एका अवयवावर असा ठळक जोर पडत नाही. ‘सिंगिंग’ म्हणजे गाणे आणि ‘रनिंग’ म्हणजे धावणे. दोन्हींच्या शेवटी ‘इंग’ आहे, म्हणून मराठी माणूस ते जुळले असे समजेल. इंग्रजीत मात्र जोर पहिल्या अवयवावर असल्याने ‘सिंगिंग’ची जोडी लागते ‘रिंगिंग’शी, म्हणजे घंटा वाजण्याशी, आणि ‘रनिंग’ची ‘कनिंग’शी, म्हणजे धूर्तपणाशी. एकाच शब्दाचा जोर सरकला तर यमकही बदलते. ‘रेकॉर्ड’ हे नाम म्हणून उच्चारताना जोर सुरुवातीला असतो. तेच क्रियापद झाले की जोर शेवटच्या अवयवावर जातो आणि मग ते ‘लॉर्ड’शी जुळते. ‘डेझर्ट’ म्हणजे जेवणानंतरचा गोड पदार्थ ‘शर्ट’शी जुळतो, कारण त्यात जोर शेवटी आहे. जवळपास तशाच स्पेलिंगचा वाळवंट या अर्थाचा शब्द जुळत नाही, कारण त्यात जोर आरंभी आहे.

व्यंजन वेगळे असण्याची अटही नीट पाहण्याजोगी आहे. ‘नाइट’ म्हणजे रात्र आणि ‘नाइट’ म्हणजे सरदार हे दोन वेगळे शब्द. स्पेलिंग वेगळे, अर्थ वेगळा, पण उच्चार तंतोतंत एक. आजचा इंग्रजी कवी या जोडीला खरे यमक मानणार नाही. संस्कृत आणि मराठी काव्यशास्त्रात नेमके उलटे आहे: तीच अक्षरे तशीच परत यावीत आणि अर्थ मात्र बदलावा, हेच यमकाचे मूळ लक्षण. मोरोपंतांच्या (1729–1794) आर्यांची कीर्ती अशाच यमकांवर उभी आहे. इंग्रजीलाही ही रीत एकेकाळी वर्ज्य नव्हती. चौदाव्या शतकातल्या चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रारंभीच ‘शोधणे’ आणि ‘आजारी’ या अर्थांचे दोन समान उच्चारांचे शब्द ओळींच्या शेवटी जुळवले आहेत. ती फ्रेंच कवितेची देणगी होती.

किंबहुना यमकाचा प्रघातच इंग्रजीत बाहेरून आला. जुन्या इंग्रजी कवितेचा, ‘बेओवुल्फ’सारख्या काव्याचा, आधार होता अनुप्रास. एका ओळीतल्या ठळक शब्दांचा आरंभ एकाच ध्वनीने व्हावा, एवढेच तिला पुरे असे. लॅटिन स्तोत्रांतून यमकाची ओळख झाली होती. 1066 मध्ये नॉर्मन आले, दरबारी भाषा फ्रेंच झाली आणि पुढच्या दोन-तीन शतकांत यमक इंग्रजीत रुजले.

शिकणाऱ्याची खरी कोंडी होते ती स्पेलिंगपाशी. ‘ओ-यू-जी-एच’ ही चार अक्षरे पाहावीत. ‘टफ’ म्हणजे चिवट, ‘कॉफ’ म्हणजे खोकला, ‘दो’ म्हणजे जरी, ‘थ्रू’ म्हणजे आरपार, ‘बाउ’ म्हणजे झाडाची फांदी. पाचही शब्दांच्या शेवटी ही चारच अक्षरे आहेत आणि एकही शब्द दुसऱ्याशी जुळत नाही. ‘टफ’ला जोडी मिळते ती ‘स्टफ’ची, ‘कॉफ’ला ‘ऑफ’ची, ‘दो’ला ‘स्नो’ची, ‘थ्रू’ला ‘ब्लू’ची आणि ‘बाउ’ला ‘काउ’ची. मूळ इंग्रजीत ‘जी-एच’च्या जागी घशातून घासत येणारा, ‘ख’च्या जवळचा ध्वनी होता. स्कॉटलंडमध्ये सरोवराला ‘लॉख’ म्हणतात त्यात तो अजून ऐकू येतो. इंग्लंडात तो काही शब्दांतून गळाला, काहींत त्याचा ‘फ’ झाला. अक्षरे मात्र जागची हलली नाहीत.

‘ओ-एम-बी’ने संपणाऱ्या शब्दांचेही तसेच. ‘वूम’ म्हणजे गर्भाशय आणि ‘टूम’ म्हणजे थडगे. जन्म आणि मृत्यू एका यमकात येतात म्हणून कवींनी ही जोडी शतकानुशतके वापरली. पण त्याच अक्षरांचा ‘कोम’ म्हणजे कंगवा जुळतो ‘होम’शी, आणि ‘बॉम’ म्हणजे स्फोटक गोळा जुळतो ‘टॉम’ या नावाशी. मराठीत आपण ‘बॉम्ब’ म्हणतो आणि शेवटचा ‘ब’ उच्चारतो. इंग्रजांच्या तोंडी तो नसतोच.

या विसंगतीचे मोठे कारण इतिहासात आहे. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून सरकले. आजच्या ‘नेम’चा उच्चार पूर्वी ‘नाम’च्या जवळचा होता, ‘मून’चा ‘मोन’ आणि ‘हाउस’चा ‘हूस’. भाषाशास्त्रात याला महास्वरपरिवर्तन म्हणतात. नेमक्या याच काळात, 1476 मध्ये, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छपाईने स्पेलिंग हळूहळू गोठत गेले आणि बोलणे पुढे सरकत राहिले. ‘फूड’ म्हणजे अन्न, ‘गुड’ म्हणजे चांगले आणि ‘ब्लड’ म्हणजे रक्त हे तीन शब्द त्याचे उत्तम उदाहरण. तिन्हींमध्ये दोन ‘ओ’ आहेत, कारण तिन्हींत मुळात दीर्घ ‘ओ’च होता. तो तिन्हींत दीर्घ ‘ऊ’ झाला. ‘ब्लड’मधला स्वर लवकर ऱ्हस्व झाला आणि पुढे ‘अ’कडे वळला, ‘गुड’मधला उशिरा ऱ्हस्व झाला म्हणून ‘उ’वरच थांबला, ‘फूड’मधला दीर्घच राहिला. एकेकाळी तिघांचे यमक जुळे. आता ते फक्त डोळ्यांना जुळते, आणि अशा जोडीला इंग्रजीत दृष्टियमकच म्हणतात.

म्हणूनच जुनी यमके ही उच्चारांची विश्वासार्ह कागदपत्रे ठरतात. ध्वनिमुद्रण नसलेल्या काळात माणसे कशी बोलत, हे कवीने काय जुळवले त्यावरून कळते. शेक्सपिअरची सुनीते 1609 मध्ये छापली गेली. त्यांतल्या 116व्या सुनीताच्या अखेरीस ‘सिद्ध झाले’ आणि ‘प्रेम केले’ या अर्थांचे शब्द जुळवले आहेत. आज एकात दीर्घ ‘ऊ’ आणि दुसऱ्यात ‘अ’ ऐकू येतो. अशा शेकडो जोड्या तपासून डेव्हिड क्रिस्टल या भाषाशास्त्रज्ञाने त्या काळचा उच्चार पुन्हा बांधला आणि 2004 मध्ये लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चे प्रयोग त्या उच्चारांत झाले. अलेक्झांडर पोपने 1714 च्या ‘द रेप ऑफ द लॉक’मध्ये चहाचा इंग्रजी शब्द ‘ओबे’शी, म्हणजे आज्ञा पाळण्याशी, जुळवला आहे. त्यावरून तेव्हा ‘टी’ऐवजी ‘टे’ही म्हणत हे उघड होते.

यमक प्रदेशाप्रमाणेही बदलते. दक्षिण इंग्लंडात स्वरानंतरचा ‘र’ उच्चारत नाहीत, त्यामुळे ‘हॉर्न’ म्हणजे शिंग आणि ‘लॉन’ म्हणजे हिरवळ तिथे सुरेख जुळतात. स्कॉटिश, बहुतेक अमेरिकन आणि भारतीय कानांना ती जोडी चुकीची वाटते. कीट्सने ‘थॉर्न्स’ म्हणजे काटे आणि ‘फॉन्स’ म्हणजे वनदेवता असे जुळवले ते याच लंडनी उच्चारावर. उत्तर इंग्लंडात ‘पुट’ आणि ‘कट’ यांचा स्वर एकच असतो. आपल्याकडच्या बालवाडीतही याचा दाखला आहे. इंग्रजी मुळाक्षरांचे गाणे 1835 मध्ये अमेरिकेत बोस्टनला प्रसिद्ध झाले. तिथे शेवटच्या अक्षराला ‘झी’ म्हणतात आणि ते पुढच्या ओळीशी जुळते. भारतात ब्रिटिश वळणाचे ‘झेड’ रुळले, त्यामुळे आपली मुले तेच गाणे म्हणतात तेव्हा यमक शेवटी निसटते.

इंग्रजी ही यमकांच्या बाबतीत गरीब भाषा आहे, आणि ही गरिबी तिच्या कवितेच्या घडणीत दिसते. मराठीत ‘गेले, आले, झाले’ असे प्रत्ययच जुळतात. इटालियनमध्येही बहुतेक शब्द स्वरान्त असल्याने यमकांना तोटा नाही. इंग्रजीचे प्रत्यय मध्ययुगातच झडले. प्रेम या अर्थाच्या ‘लव्ह’ शब्दाला रोजच्या वापरातल्या जोड्या किती? ‘डव्ह’ म्हणजे पारवा, ‘ग्लव्ह’ म्हणजे हातमोजा, ‘शव्ह’ म्हणजे ढकलणे आणि ‘अबव्ह’ म्हणजे वर. इंग्रजी प्रेमगीतांत पारवे आणि वरचे आकाश इतके का येते, याचे उत्तर बऱ्याच अंशी या चार शब्दांत आहे. इटालियन सुनीताच्या पहिल्या आठ ओळी दोनच यमकांवर चालतात. इंग्रजीत ते अवघड, म्हणून शेक्सपिअरच्या सुनीतात चौदा ओळींना सात यमके असतात. हाच काव्यप्रकार केशवसुतांनी 1892 च्या ‘मयूरासन आणि ताजमहाल’ या कवितेने मराठीत आणला. मिल्टनने तर 1667 च्या ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्ये यमकच टाकले आणि पुढच्या वर्षी त्याचे समर्थन करणारे टिपण पुस्तकाला जोडले.

काही शब्द एकटेच राहतात. ‘मंथ’ म्हणजे महिना, याला धड जोडी नाही. ‘सिल्व्हर’ म्हणजे चांदी, याला ‘चिल्व्हर’ हा मेंढीच्या मादी कोकराचा बोलीतला शब्द तेवढा सापडतो. ‘पर्पल’ म्हणजे जांभळा, याला लंगडत चालणे या अर्थाचा स्कॉटिश ‘हर्पल’. ‘ऑरेंज’ हे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. त्याला जुळते वेल्समधल्या ‘ब्लॉरेंज’ नावाच्या डोंगराचे नाव. ज्यांना अशा तडजोडी नको वाटल्या त्यांनी अर्धयमक हाताशी धरले. पहिल्या महायुद्धात, युद्ध थांबण्याच्या आठवडाभर आधी मारला गेलेला विल्फ्रेड ओवेन व्यंजने तीच ठेवून स्वर बदलत असे: ‘हॉल’ म्हणजे दालन आणि ‘हेल’ म्हणजे नरक. ही यमके मुद्दाम अपुरी ठेवलेली आहेत, आणि युद्धाच्या कवितेत ती विलक्षण परिणामकारक ठरली.

कवितेबाहेरही यमकाने शब्द घडवले. मराठीत अघळपघळ, अरबटचरबट म्हणतात तशा जोड्या इंग्रजीत भरपूर आहेत. ‘विली-निली’ म्हणजे इच्छा असो वा नसो. ‘हेल्टर-स्केल्टर’ म्हणजे सैरावैरा. ‘नॅम्बी-पॅम्बी’ म्हणजे मिळमिळीत, हा शब्द हेन्री केरीने 1725 मध्ये अँब्रोझ फिलिप्स या कवीच्या बाळबोध पद्यांची टर उडवण्यासाठी त्याच्या नावावरून बनवला. एक जोडी भारतातच तयार झाली. मोहरमच्या मिरवणुकीतल्या ‘या हसन, या हुसेन’ या आक्रोशाचे गोऱ्या शिपायांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ करून टाकले, आणि यूल व बर्नेल यांनी 1886 मध्ये काढलेल्या अँग्लो-इंडियन शब्दकोशाला तेच नाव दिले.

पूर्व लंडनच्या कष्टकरी वस्तीत एकोणिसाव्या शतकात यमकाची सांकेतिक बोली तयार झाली. जॉन कॅम्डन हॉटनच्या 1859 च्या कोशात तिची नोंद आहे. जिन्याला ‘स्टेअर्स’ म्हणायचे नाही, त्याच्याशी जुळणारे ‘ॲपल्स अँड पेअर्स’ म्हणायचे. डोक्याला, म्हणजे ‘हेड’ला, ‘लोफ ऑफ ब्रेड’. पुढे जुळणारा शब्दच गाळला जातो आणि नुसते ‘लोफ’ म्हणजे डोके होते. नवख्याला काही पत्ता लागत नाही. ‘रुबी मरे’ ही मूळची बेलफास्टची गायिका. तिचे आडनाव ‘करी’शी जुळते, म्हणून लंडनमध्ये ‘रुबी’ खायला जाणे म्हणजे भारतीय पद्धतीचे जेवण जेवायला जाणे.

वाचन शिकण्यात यमकाचा वाटा मोठा आहे. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी 1983 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चार-पाच वर्षांच्या ज्या मुलांना वाचन येण्याआधीच कोणते शब्द जुळतात हे ओळखता येत होते, ती पुढे वाचनात पुढे राहिली असे आढळले. ‘कॅट’, ‘हॅट’, ‘मॅट’, ‘बॅट’ हे मांजर, टोपी, चटई आणि वटवाघळाचे कुटुंब एकदा पक्के झाले की नवा शब्द अक्षर-अक्षर फोडावा लागत नाही. डॉ. स्यूस यांचे ‘द कॅट इन द हॅट’ हे 1957 चे पुस्तक अवघ्या 236 वेगवेगळ्या शब्दांत, आणि बहुतांशी अशाच कुटुंबांवर, उभे आहे.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. तिथे शब्दांच्या याद्या स्पेलिंगप्रमाणे केल्या तर ‘फूड’, ‘गुड’, ‘ब्लड’ एकाच रांगेत बसतात आणि मुलांचे उच्चार बिघडतात. याद्या ध्वनीप्रमाणे कराव्यात: ‘ब्लड’ला ‘मड’ म्हणजे चिखल आणि ‘बड’ म्हणजे कळी यांच्या जोडीला, ‘गुड’ला ‘वुड’ म्हणजे लाकूड याच्या जोडीला, आणि ‘फूड’ला ‘रूड’ म्हणजे उद्धट आणि ‘मूड’ यांच्या जोडीला बसवावे. यादी आधी मोठ्याने म्हणून घ्यावी आणि नंतर फळ्यावर लिहावी.