बंबात जाणारी फळी

थंडीच्या पहाटे चाकण-मोशीकडे बंब पेटतात, तेव्हा त्यात बाभळीच्या ढलप्या थोड्याच असतात. कंपनीतलं पॅकिंगचं लाकूड, बांधकामावरचा सेंट्रिंगचा प्लाय, जुनं दार, भंगारात मिळेल ते आत जातं. सिलिंडर परवडत नाही तिथे लोक दुसरं काय करणार? पण त्या धुरात आणि राखेत काय उरतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

सेंट्रिंगचा प्लाय कडेने पाहा. लाकडाच्या पापुद्र्यांमधल्या गडद रेघा बहुधा फिनॉल-फॉर्मल्डिहाइडच्या डिंकाच्या असतात. वरून काँक्रीट चिकटू नये म्हणून तेल चोळलेलं, पुष्कळदा गाडीतून काढलेलं काळं ऑइल. बंबात हवा कमी, आच मंद. डिंक नि तेल धुमसतात आणि फॉर्मल्डिहाइड, बेंझीन, कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतात. यांतलं फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडवतं, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं आहे. जुन्या दाराच्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांसाठी दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. शिसं जळून नाहीसं होत नाही.

सर्वांत घातक लाकूड मात्र दिसायला चांगलं असतं. १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण शोधलं. ते मुरवलेलं लाकूड वाळवीला दाद देत नाही, म्हणून कारखान्यांच्या कूलिंग टॉवरमध्येही वापरलं गेलं. रंग हिरवट. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका कुटुंबाने असा प्लाय शेगडीत जाळला. अंगावर चट्टे, फिट्स, केस गळणं असे त्रास घरभर झाले. १९८४ मध्ये डॉक्टरांनी हे प्रकरण प्रसिद्ध केलं.

आर्सेनिकचा मोठा भाग राखेत उतरतो. त्याच राखेने आपण भांडी घासतो, तीच मेथीच्या वाफ्यात टाकतो!

हिरवट, रंगवलेलं, चिकटवलेलं, तेलकट लाकूड बंबात नकोच. परदेशी मालाच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ असेल तर लाकूड ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं आहे. डाग नसतील तर साध्या सरपणासारखं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते टाळावं. ही निवड कंपनीच्या गेटवर आणि ठेकेदाराच्या साइटवरच व्हायला हवी. तिथे लाकडाला काय लावलंय ते माहीत असतं, बंबापाशी बसलेल्या बाईला ते कळायला मार्ग नसतो.