दहा मुखवटे आणि एक चेहरा

पेडणे अथवा डिचोलीच्या माणसाला 'दशावतार' या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जत्रांचे दिवस सुरू झाले, की देवळाच्या प्रांगणात रात्री उशिरा मृदंगावर थाप पडते, संकासुर येऊन हसवून जातो, मग आख्यान रंगते आणि पहाटे दहीकाल्याने रात्रीची सांगता होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे जाण्यापूर्वी हे दोन्ही महाल सावंतवाडीकर भोसल्यांच्या राज्यात होते. राज्यकर्ते बदलले, परंतु तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवरची ही कला एकच राहिली.

त्यामुळे १३ जून २००८ रोजी कमल हासन यांचा 'दशावतारम्' हा तमिळ चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा त्या नावानेच माझ्यासारख्या पेडणेकराचे कुतूहल जागे झाले. एकच नट, दहा भूमिका, कोट्यवधींचा खर्च आणि हॉलिवूडचे रंगभूषाकार मायकेल वेस्टमोर! दिग्दर्शक के. एस. रविकुमार असले, तरी कथा-पटकथा स्वतः कमल हासन यांचीच. तिकीटबारीवर चित्रपटाला मोठे यश लाभले. परंतु पडद्यावर जे दिसले, त्याने माझी तरी निराशा केली. त्या निराशेची कारणमीमांसा येथे करावीशी वाटते, कारण तिचा संबंध आपल्या जत्रेतील दशावताराशीही पोहोचतो.

आरंभ भव्य आहे. बाराव्या शतकातील चिदंबरम् येथे चोळ राजाच्या आज्ञेला न जुमानणारा वैष्णव रंगराजन नंबी विष्णुमूर्तीसह समुद्रात बुडवला जातो. हा भाग अंगावर काटा आणतो. त्यानंतर कथा आपल्या काळात उतरते आणि एका प्राणघातक विषाणूच्या कुपीमागे सगळे धावू लागतात: शास्त्रज्ञ गोविंद, मारेकरी फ्लेचर, तेलुगू अधिकारी बलराम नायडू, पंचाण्णव वर्षांची कृष्णवेणी, आडदांड उंचीचा खलिफुल्ला, जपानी योद्धा, इतकेच काय, अमेरिकेचे अध्यक्ष बुशसुद्धा. सगळे कमल हासन!

आम्हा डॉक्टर मंडळींची पंचाईत येथूनच सुरू होते. जग नष्ट करू शकणारा विषाणू मिठाने निष्प्रभ होतो. घशाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या गायकाला गोळी लागते आणि त्या गोळीनेच त्याची गाठ निघून जाते! चित्रपटाला इतके स्वातंत्र्य द्यावे, असे कोणी म्हणेल. तथापि २०२० साली करोनाच्या काळात मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी विषाणू मरतो, असे संदेश घरोघरी फिरले, तेव्हा असे समज किती सहज रुजतात हे आपण सर्वांनी अनुभवले. मीठ बालकांचे प्राण वाचवते, हे खरे. पण ते जलसंजीवनीत, साखरेसह, योग्य प्रमाणात.

याहून गंभीर आक्षेप शेवटाविषयी आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचे खारे पाणी किनाऱ्यावर येते आणि विषाणूचा नाश करते, म्हणजे संहारातही ईश्वरी योजना असावी, असे येथे सूचित होते. त्या दिवशी भारतासह अनेक देशांत मिळून दोन लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तामिळनाडूत नागपट्टिणम् जिल्ह्याची हानी सर्वाधिक होती आणि मृतांत मुलांचे प्रमाण मोठे होते. अवघ्या साडेतीन वर्षांनी त्याच राज्यातील चित्रपटाने ती लाट कथानकाची गाठ सोडवण्यासाठी वापरावी, हे बालरोगतज्ज्ञ म्हणून मला सोसवले नाही.

आता अभिनयाविषयी. बोलता न येणाऱ्या बाळाला तपासताना आम्ही आधी त्याचा चेहरा वाचतो. डोळ्यांभोवतीचे स्नायू, नाकपुड्यांची हालचाल, ओठांची मुरड यांवरून वेदना कळते, थकवा कळतो. नटाचेही भांडवल हेच. त्या स्नायूंवर रबरी कातड्याचा थर चढवला, की चेहऱ्याचे सूक्ष्म बोलणे बंद पडते. 'दशावतारम्'मधील कित्येक भूमिकांत हेच झाले आहे. प्रेक्षक पात्राचे दुःख पाहण्याऐवजी रंगभूषेची शिवण शोधत बसतो. सर्वांत जिवंत वाटतो तो बलराम नायडू, कारण त्याची करामत बोलण्याच्या लकबीत आहे. याच कमल हासन यांनी 'मायकेल मदन काम राजन' (१९९०) मध्ये चार जुळे भाऊ मुख्यतः भाषेच्या ढंगावर वेगळे उभे केले होते, हे येथे आठवते.

दुसरा प्रश्न प्रयोजनाचा. १९६२ साली रंगभूमीवर आलेल्या आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच' मध्ये प्रभाकर पणशीकर पाच रूपांत येत, कारण एकच भामटा पाच नावांनी लोकांना फसवतो, हाच नाटकाचा विषय होता. शिवाजी गणेशन यांच्या 'नवरात्रि' (१९६४) मधील आणि त्याच कथेवरील हिंदी 'नया दिन नयी रात' (१९७४) मधील संजीवकुमार यांच्या नऊ भूमिकांमागे नवरसांची कल्पना होती. 'दशावतारम्'मधील दहा माणसे एकाच नटाने का करावीत, याचे उत्तर मात्र कथेत सापडत नाही.

आपल्या दशावतारी नटाकडे पाहा. लिखित संहिता नाही, नेपथ्य म्हणजे एक बाकडे. तेच सिंहासन, तेच रथ. संवाद रंगमंचावरच सुचायचे. दिवसा शेतात अथवा दुकानात राबणारा गृहस्थ रात्री स्वतःच्या हाताने रंग लावतो आणि स्त्रीपार्ट करताना समोरच्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आणतो. त्याला सगळे गाव ओळखते, तरीही त्या घटकेला तो द्रौपदीच असतो. रंग त्याचा चेहरा झाकत नाही, उठावदार करतो.

परंतु अलीकडे जत्रेच्या फलकांवर 'ट्रिकसीनयुक्त' हा शब्द ठळक अक्षरांत झळकतो. धूर, रंगीत झोत, यांत्रिक नाग यांना टाळ्या मिळतात आणि मंडळांचा खर्च त्या दिशेने वाढत जातो. कालानुरूप बदलास माझा विरोध नाही. मात्र नटाचे वाक्चातुर्य, नाईकाचे गायन आणि पुराणांचा व्यासंग मागे पडून केवळ देखावा उरला, तर कोट्यवधींच्या चित्रपटाची जी गत झाली, तीच आपल्या तुटपुंज्या साधनांच्या कलेची होण्यास वेळ लागणार नाही.

आपल्यापैकी अनेक जण देवस्थानांच्या समित्यांवर आहेत, जत्रेच्या नाटकाला देणगी देतात. त्यांना एकच विनंती. यंदा मंडळाशी बोलणी करताना ट्रिकसीन किती, हे विचारण्याआधी राजपार्ट आणि स्त्रीपार्ट कोण करणार, हे विचारावे. आणि नाटकाला मुलांना सोबत न्यावे, पुढच्या रांगेत बसवावे. समोरच्या माणसाचा चेहरा वाचण्याचे शिक्षण त्यांना तेथे सहज मिळेल.