चाक जमिनीला टेकले पाहिजे

खडवलीला भातसा नदीच्या पात्राकडे उतरणारी खडकाळ वाट पाहिली की दणकट गाडी म्हणजे जाड पत्रा आणि जबर इंजिन, असे कुणालाही वाटेल. महिंद्राच्या जीपचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. या गाडीचा खरा विकास झाला तो चाक जमिनीला कसे टेकलेले राहील या एका प्रश्नाभोवती. विलीज कंपनीच्या परवान्यावर मुंबईत बनू लागलेली जीप सुरुवातीला गरजेप्रमाणेच घडत गेली. १९५३ च्या सीजे-३बीचे उंच नाक पाहा. नव्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली आणि ते मावावे म्हणून बॉनेट वर उचलले. जिला आपण जीपचा रुबाब म्हणतो, ती खरे तर इंजिनाला करून दिलेली जागा!

गाडीखाली मात्र पाटेच, म्हणजे लीफ स्प्रिंगच, राहिले. पाटा दोन कामे करतो: वजन पेलतो आणि ॲक्सल जागच्या जागी धरतो. त्यामुळे तो कडक ठेवावा लागतो. खड्ड्यात एक चाक पुरेसे खाली झुकत नाही, तिरक्या बाजूचे दुसरे हवेत उचलले जाते. दोन चाकांत जोर वाटणारे साधे डिफरन्शियल सगळा जोर त्या मोकळ्या चाकांत घालवते, आणि चारही चाकांना ताकद असलेली गाडी जागेवर रुतते. याच जीपच्या वारशातून आलेल्या २०१० च्या थारमध्येही मागे पाटेच होते. २०२० च्या थारने तिथे कॉईल स्प्रिंग आणली आणि ॲक्सल धरायचे काम वेगळ्या दांड्यांकडे सोपवले. स्प्रिंग मऊ करता आली, चाक खाली उतरू लागले. शहरी आरामासाठी केलेला बदल म्हणून त्याला नावे ठेवणारे हे विसरतात की आराम आणि पकड दोन्ही इथे एकाच गोष्टीतून येतात.

मुरबाड-शहापूरकडे पाटा मोडला तर गावात बसवून मिळतो, सेन्सर बिघडला तर काय, हा आक्षेप मात्र खरा आहे. ब्रेक लावून घसरते चाक आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आधी चाक घसरण्याची वाट पाहते. म्हणून मागच्या ॲक्सलला यांत्रिक लॉक हवेच, असे माझे ठाम मत आहे. २०२४ च्या पाच दारांच्या थार रॉक्सबद्दलची तक्रारही मला पटते. दोन ॲक्सलमधले अंतर २४५० मिलिमीटरवरून २८५० वर गेले. उंचवटा ओलांडताना पोट घासण्याचा धोका त्याने वाढतोच.

राहिले पाणी. थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते, असे कंपनी सांगते. भरल्या भातसेसमोर हा आकडा कुणी ढाल समजू नये. गाडीने बाजूला सारलेले प्रत्येक घनमीटर पाणी तिला एक टनाने वर उचलते, आणि थारचे वजन दोन टनांच्याही आत आहे. वाहते पाणी दारावर आडवे रेटत असते, त्याच वेळी टायरवरचा भार घटत जातो. चाके फिरत राहतात, पण खडकाला धरत नाहीत.