डोंगरातला पेंढा आणि बंगळुरूचा हिशेब

सगळ्यात चिवट गैरसमज हा, की पीक निघाल्यावर शेतात जे राहतं ते वायाच जातं. ते गोळा केलं की वीज जवळजवळ फुकट.

डोंगरी गावात असं बेवारस फारसं काही नसतं. आजरा-चंदगडकडे भात झोडून झालं की पेंढ्याची गंजी रचतात ती गुरांसाठी. उसाचं वाडंही वैरणीलाच जातं. कोकणात तर पालापाचोळा नि गवतसुद्धा राब भाजायला लागतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने देशाचा जैवभार नकाशासंग्रह तयार केला, त्यात म्हणूनच शिलकीचा हिशेब वेगळा मांडला आहे. पिकाच्या उत्पादनावरून अवशेष किती निघतात ते काढणं सोपं; चारा, छप्पर, चूल वजा करणं हे खरं काम. केंद्राच्या अलीकडच्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे 75 कोटी टन जैवभार उपलब्ध असतो आणि शिल्लक 23 कोटी टन. सुमारे 28,000 मेगावॉट क्षमतेचा आकडा निघतो तो या शिलकीवर. भाषणात मात्र पहिलाच आकडा ऐकू येतो.

शिल्लक असली तरी ती खाली आणायची कशी? मोकळा पेंढा घनमीटरला शंभर किलोही भरत नाही. वजन होण्याआधीच ट्रक भरतो आणि घाटात डिझेल जळतं ते हवा वाहून नेण्यासाठी. म्हणून डोंगरात शेतापेक्षा गिरणीकडे बघावं. टनभर भातामागे साधारण 200 किलो तूस गिरणीच्या दारातच पडतं. कोडगू-चिकमगळूरच्या कॉफीची टरफलं, चंदगडच्या काजूची टरफलं हीही अशीच आयती गोळा झालेली. काजूच्या टरफलातलं तेल आधी काढावं लागतं एवढंच, नाहीतर धुराने डोळे चुरचुरतात.

गॅसिफायरमध्ये, म्हणजे जैवभारापासून जळणवायू करणाऱ्या भट्टीत, काहीही टाकलं तरी चालतं, हाही गैरसमजच. बंगळुरूच्या त्याच विज्ञान संस्थेत शास्त्रज्ञ अमूल्य रेड्डींनी 1974 मध्ये ग्रामीण भागासाठी ‘अस्त्र’ केंद्र सुरू केलं. त्या केंद्राने 1988 मध्ये तुमकूर जिल्ह्यातल्या होसहळ्ळीत गॅसिफायर बसवला. त्याचा वायू डिझेल इंजिनात मिसळून गावाला वीज मिळाली, पण त्याचं जळण होतं मुद्दाम वाढवलेल्या झाडांचं लाकूड; पेंढा नव्हे. लाकडाची राख टक्काभर. तुसाची वीस टक्क्यांच्या आसपास, बहुतेक सिलिकाच. पेंढ्यात वर पोटॅशही असतं, त्यामुळे राख वितळून भट्टीत ढेकळं धरतात. दाबून ब्रिकेट केल्या की भरणं-वाहणं सोपं होतं. राखेचा गुण मात्र तोच राहतो, आणि वाळवण्या-दाबण्याचा खर्च वेगळा.

‘जाळलं तरी राख खतच की’ हे अर्धंच खरं. टनभर पेंढ्यात 5 ते 8 किलो नत्र असतं. राख शेतात परत टाकली तर पालाश वाचतं. नत्र मात्र धुरासोबत गेलेलं असतं आणि पुढच्या हंगामात युरियाच्या पोत्यातून विकत घ्यावं लागतं.