वैद्यच रुग्ण होतो तेव्हा : निराधार ज्येष्ठ वैद्यांच्या साहाय्याची रीत

चरकसंहितेच्या तिस्रैषणीय अध्यायात प्राणैषणेच्या पाठोपाठ धनैषणा सांगितली आहे. तिचे कारण देताना आचार्यांनी फार कठोर शब्द योजिले आहेत. साधनांवाचून दीर्घायुष्य लाभणे याहून मोठे पाप नाही, असा त्यांचा आशय. पदवी अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी आम्ही हा अध्याय परीक्षेपुरता पाठ केला आणि पुढे सरकलो. कृषी, पशुपालन, व्यापार, राजसेवा ही त्यात सांगितलेली उपजीविकेची साधने त्या वयात जुनीपुराणी वाटली. त्या वचनाचा अर्थ आम्हांस मे २०२५ मध्ये कळला.

कृष्णाकाठच्या आमच्या गावातील एक ज्येष्ठ वैद्य, वय वर्षे ७९. शिक्षण डी. ए. एस. एफ. पत्नी निवर्तलेली, अपत्य नाही. जुन्या वाड्यात भाड्याच्या दोन खोल्या; पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत बिऱ्हाड. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये या वाड्याच्या भिंतींनी पाणी प्यायले होते. धोकादायक इमारतीची नोटीस दारावर लागली, मालकाने पावसाळ्यापूर्वी जागा मोकळी करण्यास सांगितले आणि नेमक्या त्याच आठवड्यात वैद्यराजांचे मूत्र अडले.

आपल्याला वाताष्ठीला झाली आहे, हे त्यांनी स्वतः दीड वर्षापूर्वीच ओळखले होते. निदान अचूक होते. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात वर्णिलेल्या बारा मूत्राघातांपैकी हा प्रकार पौरुषग्रंथीच्या वृद्धीशी बराच जुळतो. परंतु गोक्षुरादि गुग्गुळावर विसंबून त्यांनी ना सोनोग्राफी केली, ना रक्ततपासणी. आम्ही त्यांना रुग्णालयात नेले तेव्हा क्रिएटिनीन वाढलेले होते. कॅथेटर घातल्यावर आराम पडला. तेथील शल्यविशारदांनी सांगितले, वृक्कांचे कार्य पूर्वपदावर येईपर्यंत काही आठवडे कॅथेटरसह घरी राहावे, त्यानंतर शस्त्रक्रिया करू. घरी म्हणजे कुठे, हा प्रश्न कोणी विचारला नाही. डिस्चार्जच्या कागदावर पत्ता मात्र त्याच वाड्याचा लिहिला गेला.

येथून पुढे जे करावे लागले, ते इतर शाखांतील वैद्यबंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

प्रथम निवाऱ्याविषयी, कारण तो नसेल तर औषध देणेही अवघड होते. आमची पहिली धाव वृद्धाश्रमांकडे होती. ज्या तीन ठिकाणी चौकशी केली, तेथे हिंडता-फिरता वृद्ध चालतो, कॅथेटर लावलेला चालत नाही, असेच उत्तर मिळाले. त्यांचेही चुकत नाही. शुश्रूषेस माणसे नसतात. अखेर एका सहकाऱ्याने आपल्या दवाखान्यातील पंचकर्माची खोली रिकामी करून दिली. तळमजला, लगतच न्हाणीघर, उंबरठा नाही. वृद्ध रुग्णासाठी जागा पाहताना या तीन गोष्टी पाहाव्यात, बाकीचे नंतर जमवता येते.

परंतु तात्पुरती सोय झाली म्हणून मूळ जागेवरचा हक्क सोडायचा नसतो, आणि येथेच आमच्या हातून मोठी चूक होता होता राहिली. मालकाच्या माणसाने वैद्यराजांसमोर ‘स्वखुशीने ताबा देत आहे’ अशा अर्थाचा कागद ठेवला होता आणि सोबत काही रोख रक्कम देऊ केली होती. संकोची माणूस, सही करून मोकळा झाला असता. एका वकील स्नेह्यांनी सांगितले की, इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ‘शहा रतनसी खिमजी’ या दाव्यात हे स्पष्ट केले आहे. तो दावा सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या इमारतीसंबंधीच होता. इमारत खरोखर धोकादायक असेल तर बाहेर पडावेच, जीव महत्त्वाचा. मात्र बाहेर पडताना ‘भाडेकरू म्हणून हक्क राखून’ असे लेखी द्यावे, ताब्यातील जागेचे मोजमाप व छायाचित्रे घ्यावीत, वीजबिले व जुन्या भाडेपावत्या जपाव्यात. भाडे कितीही क्षुल्लक असले तरी ते देऊ करीत राहावे आणि मालक नाकारीत असल्यास त्याचा पुरावा ठेवावा. आमच्या वैद्यराजांचे भाडे दरमहा १४० रुपये होते. त्याचा धनादेश आम्ही दर महिन्यास स्पीड पोस्टाने पाठवीत आलो आहोत आणि तो दर महिन्यास परत येतो. परत आलेली पाकिटे न फोडता फाईलला लावली आहेत.

ज्यांनी स्वतःचे घर पुतण्या-भाच्याच्या नावे बक्षीसपत्राने करून दिले आहे, त्यांच्यासाठी २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा आहे. अपत्यहीन वृद्धाची मालमत्ता ज्या नातलगाच्या ताब्यात आहे किंवा वारसाने त्याच्याकडे जाणार आहे, त्याच्याकडूनही या कायद्याने निर्वाह मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो. सांभाळ न केल्यास बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. तथापि सांभाळाची अट दस्तातच लिहिलेली असली की वाद उरत नाही. अजून दस्त न केलेल्या ज्येष्ठांच्या कानी ही गोष्ट अवश्य घालावी.

खर्चाची बाजू त्यामानाने सोपी निघाली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार अंगीकृत रुग्णालयांत मिळतात. त्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढावे लागते आणि त्यास आधार लागते. येथे एक गमतीची अडचण आली. आधारशी जोडलेला भ्रमणध्वनी महापुरात गेलेला, आणि यंत्रावर अंगठा उमटेना. पन्नास वर्षे खल घोटून अंगठ्याच्या रेषाच झिजल्या होत्या. शेवटी चेहऱ्यावरून ओळख पटवून काम झाले. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्यात, ही उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजनाही २००६ पासून लागू आहे. तेथे उत्पन्नाचा दाखला लागतो. श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये ६५ वर्षांवरील निराधारास तहसील कार्यालयामार्फत मिळतात, मात्र कौटुंबिक उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत असले पाहिजे. हे सर्व दाखले धडधाकट असतानाच काढून ठेवणे बरे. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना राज्य शासन मानधन देते. वैद्य त्या यादीत बसत नाही, आणि कोणत्या तोंडाने बसवावा हेही आमच्या संघटनांनी कधी मांडलेले नाही.

निधीसंबंधी एक स्पष्ट कबुली देतो. पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात आम्ही एका सदस्याच्या व्यक्तिगत खात्यावर पैसे मागवले. तिसऱ्या दिवशी हिशेबाचे प्रश्न सुरू झाले. ते गैर नव्हते. मग ती रक्कम संघटनेच्या नोंदणीकृत न्यासाच्या खात्यात वळवली, प्रत्येकास पावती दिली आणि पुढचा खर्च थेट औषधविक्रेत्यास व परिचारकास धनादेशाने केला. आपल्या न्यासाच्या घटनेत ‘गरजू वैद्यांस साहाय्य’ हे उद्दिष्ट आहे की नाही, हे प्रत्येक शाखेने पाहून घ्यावे. आमच्या घटनेत परिसंवाद होते, ग्रंथालय होते, धन्वंतरी जयंती होती, हे नव्हते.

आता चिकित्सेविषयी. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चतुष्पाद आपण सर्वांनी शिकलेले आहेत. भिषक् हाच रोगी होतो तेव्हा चारही पाद जागचे हलतात. रोग्याच्या गुणांत निर्देशकारित्व सांगितले आहे, म्हणजे वैद्याने सांगितलेले ऐकणे. ज्याने जन्मभर निर्देश दिले, त्याने ते घ्यावेत कसे? वैद्यराज उशीखाली चंद्रप्रभेची डबी ठेवून मनाने मात्रा घेत होते. कुणी मूत्रल क्वाथ सुचवी, कुणी बस्ती. चार वैद्य जमले की पाच मते, हे आपल्याकडे नवे नाही. शेवटी आम्ही त्यांनाच विचारले, अंतिम शब्द कोणाचा चालेल? त्यांनी ज्याच्यावर ते आयुष्यभर सर्वांत जास्त रागावले, त्या शिष्याचे नाव घेतले. तेव्हापासून औषधयोजना एकाच वहीत, एकाच हस्ताक्षरात होऊ लागली आणि शल्यविशारदांनाही ती दाखवली जाऊ लागली. वृक्क दुर्बल असताना रसौषधी व क्षारकल्प पूर्ण बंद ठेवले.

उपस्थात्याच्या चार गुणांपैकी अनुराग आम्हां सर्वांपाशी भरपूर होता, दाक्ष्य नव्हते. आठ जणांनी पाळ्या लावल्या. दुसऱ्या आठवड्यात त्या मोडल्या, कारण सायंकाळी प्रत्येकाचा दवाखाना. एका रात्री मूत्राची पिशवी रिकामी करायचीच राहिली. दुसऱ्या दिवशी आम्ही वेतन देऊन परिचारक नेमला. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवणे, हाताळण्यापूर्वी व नंतर हात धुणे, नळीस पीळ पडू न देणे, ताप वा थंडी वाजताच कळवणे, एवढे त्यास भिंतीवर लिहून दिले. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते. सेवाभाव खरा असला तरी रात्री दोन वाजता जागा राहणारा माणूस लागतो, हे वैद्यांनी तरी विसरू नये.

वैद्यराज पैसे घेत नसत, हा आणखी एक पेच. वर्गणीचा शब्द ऐकताच ते भिंतीकडे तोंड करीत. चरकाचार्यांनी रसायनाध्यायाच्या शेवटच्या पादात जसे वैद्याने चिकित्सा विकू नये म्हटले आहे, तसेच बरे झालेल्या रुग्णाने, बोलून असो वा न बोलता, वैद्याची परतफेड केली नाही तर त्यास सुटका नाही, असेही म्हटले आहे. पहिले वचन आपण समारंभांत उद्धृत करतो, दुसरे सांगायला लाजतो. आम्ही त्यांच्या जुन्या रुग्णांना केवळ निरोप दिला. भाजीवाली, निवृत्त पोस्टमन, एका शाळेच्या मुख्याध्यापिका. आठवड्याचे डबे चार घरांत वाटले गेले. डबा मात्र ते नाकारीत नाहीत. मीठ कमी असल्यास तक्रारही करतात.

वाडा रिकामा करताना फडताळात दीडशेच्या वर बरण्या निघाल्या. बऱ्याचशांवर चिठ्ठ्या नव्हत्या. पुराच्या पाण्याने त्या धुऊन गेल्या होत्या. त्यांत बिब्बे होते, बचनाग होता, हरताळ होती. त्या आठवण म्हणून वाटून घेण्याचा मोह काहींना झाला. वैद्यराजांनी खुर्चीत बसून एकेक बरणी उघडायला लावली, वास व स्पर्श घेऊन नाव सांगितले आणि ज्याविषयी तिळभर शंका होती ते बाजूला काढायला लावले. विषद्रव्ये व अज्ञात भस्मे नष्ट करताना ती गटारात वा नदीत जाणार नाहीत याची काळजी घ्यावी लागली. रुग्णालयांचा कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे ती सुपूर्द केली. अनुभूत योगांच्या सात वह्यांची मात्र पाने सुटी करून सुकवली आणि छायाचित्रे काढली. वह्या त्यांच्याच मालकीच्या आहेत, आमच्या शाखेच्या नाहीत, असा लेखी ठराव केला.

जुलैत शस्त्रक्रिया झाली, कॅथेटर निघाला. वाडा पाडला गेला. हक्काविषयीचा दावा न्यायालयात चालू आहे. वैद्यराज अजून त्याच पंचकर्माच्या खोलीत राहतात, आणि सहकाऱ्याने स्नेहनाचे टेबल ओसरीवर हलवले आहे. दर गुरुवारी दुपारी पाच-सहा नवपदवीधर त्यांच्याकडे द्रव्यपरीक्षा शिकण्यास येतात. त्याचे मानधन शाखा ठरावाने देते आणि ते सही करून घेतात. गेल्या गुरुवारी बाजारातून आणलेले नागकेशर त्यांनी पुडीसकट परत पाठवले.